सखूबाईंचे शिकारीचे गमबूट

शिकारीला गमबूट कामाचे आहेत का, हा प्रश्न माझ्या दुकानात आजवर एकाच गिऱ्हाइकाने विचारला आहे. तो कुणी मिशीवाला, बंदूकवाला नव्हता. त्या होत्या सखूबाई. वय एकसष्ट, उंची माझ्या काउंटरपेक्षा जेमतेम दोन विती जास्त, आणि हातात काळी प्लास्टिकची पिशवी.

महामार्गावरच्या जाम गावच्या चौकात माझं चपलांचं दुकान आहे. ट्रकवाले उतरतात, चहा पितात, चपलेचा तुटलेला अंगठा दाखवून नवी नेतात. गमबूट मी ठेवतो ते रस्त्याच्या कामावरच्या मजुरांसाठी. ते दाराशी दोरीला टांगलेले असतात आणि महिनोन्‌महिने धूळ खातात. सखूबाई ओळखीच्याच. चौकाच्या कडेला रोज सकाळी नऊला त्या भाजी घेऊन बसतात. वांगी, चवळी, दोडके, फुलकोबी, सगळं स्वतःच्या वाडीतलं. वाडी म्हणजे गावाबाहेरचा अर्ध्या एकराचा तुकडा. तो त्या एकट्या करतात.

"गजेंद्रभाऊ, शिकारीले चालन का हे?" टांगलेल्या बुटाला बोट लावून त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, काकू, कसली शिकार? त्यांनी पिशवी काउंटरवर उपडी केली. त्यातून मुठीएवढी गोगलगाय बाहेर आली आणि माझ्या नव्या काचेवर चिकट रेघ ओढत चालू लागली. मी खुर्चीसकट मागे सरकलो. सखूबाई गालातल्या गालात हसत होत्या.

या मोठ्या शंखाच्या गोगलगाई दोन-तीन पावसाळ्यांपासून त्यांच्या शिवारात शिरल्या आहेत. दिवसा दगडाखाली, कचऱ्याखाली दडून बसतात आणि उजाडायच्या आत कोबीची रोपं देठासकट फस्त करतात. सखूबाईंचा औषधावर भरवसा नाही. त्या संध्याकाळी वाफ्यांच्या कडेने ओली पोती अंथरतात, त्याखाली पत्ताकोबीची पानं टाकतात, आणि सकाळी तांबडं फुटलं की पोती उचलून एकेक गोगलगाय वेचून मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकतात. याला त्या शिकार म्हणतात. "शिकारीले गेलती" असं चारचौघांत सांगताना त्यांचा आवाज जरा चढतो.

नंबर पाहायला पाय पुढे करा म्हटलं. त्यांनी डावा पाय पुढे केला. त्याला करंगळी नव्हती.

मग त्यांनी दोडक्याचा भाव सांगावा तितक्या शांतपणे सगळं सांगितलं. शुगर आहे, त्यामुळे पायाला लागलेलं कळत नाही. गेल्या साली वावरात बाभळीचा काटा रुतला आणि आठ दिवस आतच राहिला. बोट काळं पडलं, कापावं लागलं. डॉक्टरांनी बजावलं की अनवाणी फिरायचं नाही आणि पाय कोरडा ठेवायचा. मुलगा कैलास डॉक्टरांच्याही एक पाऊल पुढे गेला. त्याचं टायर-पंक्चरचं दुकान माझ्या दुकानासमोर, रस्त्यापलीकडेच आहे. दिवाळीआधीच्या तपासणीत पायाला साधी चीर जरी निघाली, तरी वाडी ठेक्याने दुसऱ्याला द्यायची आणि आईला जाममधल्या आपल्या खोलीत आणून ठेवायचं, असं त्याने जाहीर केलं होतं. कैलास वाईट मुलगा नाही, घाबरलेला मुलगा आहे. पण घाबरलेली माणसं फार पक्के निर्णय घेतात.

"कैलासचा बाप गेला तवा मले त्या वाडीनंच उभं ठेवलं," सखूबाई म्हणाल्या. "तिले मी कशी सोडू?"

तरी मी गमबूट द्यायला तयार होईना. तोंडाचा मी फटकळ आहे, आणि या तोंडावर दुकान चालतं याचंच बायकोला नवल वाटतं. मी सरळ सांगितलं की हे बूट पुरुषांच्या मापाचे आहेत, सर्वांत लहान नंबर सहा आणि तुमचा पाय चार. आपली काळी माती ओली झाली की पाय सोडत नाही, सैल बूट तर ती गिळूनच टाकेल. शिवाय रबरात घाम कोंडतो, आत खडा गेला तर तुम्हाला कळणार नाही. थोडक्यात, घेऊ नका.

"तुमी विकून राह्यले का अडवून राह्यले?" त्यांनी विचारलं, आणि सहा नंबर काखेत मारून निघाल्या.

आठवडाभराने त्यांच्याकडे चवळी घ्यायला गेलो. बूट कसे आहेत विचारलं, तर म्हणाल्या, फस्कलास. रोज सकाळी घालते. पण लुगड्याखालून त्यांची पावलं दिसत होती. घोट्यापर्यंत चिखल वाळलेला, आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या. कातडी पांढरी, भिजून फुगलेली. गमबूट घालणाऱ्या बाईला चिखल्या होतात कशा, हे मला उमगेना. माझा माल फाटका निघाला की काय, या विचाराने मला झोप लागेना, आणि रविवारी भल्या सकाळी मी मोटरसायकल काढून त्यांच्या गावाची वाट धरली.

पांदण रस्त्यावर मला त्या दुरूनच दिसल्या. हातात बादली, पायांत गमबूट, बुटांच्या वर दोन बोटं मोजे काढलेले, आणि चाल अशी की परेडला निघाल्यात. मला बरं वाटलं. मग वाडीचा धुरा आला. म्हणजे आमच्याकडचा बांध. सखूबाई थांबल्या. दोन्ही बूट काढले, मोजे काढले, बूट उलटे करून लिंबाच्या फांदीला नीट अडकवले, मातीला हात लावून नमस्कार केला आणि अनवाणी आत शिरल्या.

मी ओरडलोच. "काकू, हे काय करून राह्यल्या तुमी?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच येडा. "वावरात जोडे घालून कोन जाते?"

धुऱ्यापलीकडून मधुकररावांनी मान डोलावली. त्यांचं वावर लागूनच आहे. सत्तरीचे गृहस्थ, शिवारातल्या सगळ्या रीतिभातींचा हिशेब त्यांच्याकडे. उभ्या पिकात लक्ष्मी असते, तिथे जोडे नाई, असं त्यांनी मला लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. आणि खरी गोम अशी, की मला वाद घालता येईना. माझे वडीलही धुऱ्यावर चपला काढत. मी सुद्धा काढतो. जन्मभर चपला विकतो, पण मामाच्या वावरात चप्पल घालून आजवर एक पाऊल टाकलेलं नाही. ज्या रस्त्यावर काटा नाही तिथे बूट, आणि जिथे काटा तिथे उघडा पाय, असा अजब वापर या बाई आठ दिवस मन लावून करत होत्या, आणि मी त्यांच्या जागी असतो तर तेच केलं असतं.

पण मला त्या गेलेल्या करंगळीची आठवण झाली आणि डोकं तापलं. मी म्हटलं, काकू, लक्ष्मीला तुमची उरलेली नऊ बोटंही पाहिजेत का?

बोललो आणि जीभ चावली. मधुकररावांनी तोंड फिरवलं. सखूबाई मात्र चिडल्या नाहीत. वाफ्यात उभ्या राहून त्या बराच वेळ झाडाला टांगलेल्या बुटांकडे पाहत राहिल्या. मग मलाच उलट विचारलं की तण काढायचा डवरा लोखंडाचा, फवारणीचा पंप प्लास्टिकचा, तरी ते वावरात जातातच ना? मी म्हटलं, जातात. नवा डवरा आणला की आपण काय करतो? मी म्हटलं, हळदकुंकू लावतो.

त्या तरातरा धुऱ्यालगतच्या, विहिरीच्या मोटारीच्या खोलीत गेल्या. तिथे देवाची तसबीर आणि हळदकुंकवाची डबी असते. फांदीवरचे बूट काढून धुतले, स्वच्छ पोत्यावर जोडीने मांडले, दोन्हींच्या टोकांना हळदकुंकू लावलं, वर दोडक्याचं पिवळं फूल वाहिलं आणि हात जोडले.

"आता हे जोडे नाई," त्या म्हणाल्या. "हे अवजार हाय."

कुंकू लावल्याने बुटाचं अवजार होत नाही, असं मधुकरराव पुटपुटले. त्यावर सखूबाईंनी त्यांना एवढंच विचारलं की मागच्या साली तुमच्या पंपाला कुंकू कोणी लावलं होतं. मधुकरराव आपल्या कपाशीकडे वळले.

सखूबाईंनी बूट चढवले आणि वाफ्यात पहिलं पाऊल टाकलं. दुसरं टाकायला गेल्या तर पाय वर आला, बूट खालीच. त्या मोज्यासकट चिखलात बसल्या. कपाशीतून हसण्याचा आवाज आला. माझं म्हणणं तंतोतंत खरं ठरलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला खरं ठरल्याचं वाईट वाटलं. बूट काळ्या मातीत गच्च रुतलेला. दोघांनी ओढला तेव्हा कुठे निघाला.

बूट घट्ट बसला पाहिजे, बस. सुतळी बांधली तर चिखलाने सरकते. परतताना माझ्या डोक्यात रबर आलं आणि मी थेट कैलासच्या दुकानात शिरलो. जुन्या ट्यूबचे चार पट्टे कापून दे म्हटलं. दोन रुंद, घोट्याला, दोन अरुंद, पावलावरून तळव्याखाली घ्यायला. कशाला म्हणून त्याने विचारलं. आईचं नाव घेतलं असतं तर चिखल्यांचंही निघालं असतं, आणि वाडी त्याच दिवशी ठेक्याने गेली असती. मी म्हटलं, एका गिऱ्हाइकाचं अवजार बांधायचं आहे. त्यात खोटं काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी मी पट्टे वाडीत पोचवले. सखूबाईंनी आत दोन जाड सुती मोजे घातले, वरून पट्टे चढवले आणि पाय आपटून पाहिला. मग वाफ्यात शिरल्या. माती ओढत होती, चप्प चप्प आवाज करत होती, पण या वेळी पाऊल आणि बूट बरोबरच वर आले. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या, वळल्या, परत आल्या. त्या दिवशी त्यांनी काटेरी कुंपणाच्या बुडाशी पहिल्यांदा हात घातला. अनवाणी तिथे जाता येत नव्हतं, आणि गोगलगाईंचा मूळ अड्डा तिथेच होता. बादली भरली, मग घमेलं भरलं. मी धुऱ्यावर उभा राहून मोजायचं सोडून दिलं आणि वेड्यासारखा टाळ्या वाजवत राहिलो.

पुढे त्यांनी शिस्तच बसवली. रस्त्याने चप्पल. चप्पल धुऱ्यावर काढायची, नमस्कार करायचा, आणि मग बूट. घालण्याआधी उलटे करून झटकायचे आणि आत हात फिरवायचा. उन्हं वर आली की काढायचे, पाय पुसायचे, मोजे वाळत टाकायचे. बूट घरी न्यायचे नाहीत. ते डवऱ्याशेजारी मोटारीच्या खोलीतच राहायचे. सकाळचे दोन तास, त्यावर एक मिनिट नाही. चिखल्या पंधरा दिवसांत सुकल्या. कोबी असा धरला की चौकात माझ्या दुकानापेक्षा त्यांच्या टोपलीपुढे गर्दी जास्त.

नवरात्राच्या सुमारास मधुकरराव दुकानात आले. इकडे तिकडे पाहिलं, दुसरं गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबले आणि हळूच म्हणाले, "एक अवजार दाखव. आठ नंबर." मी चेहरा अजिबात हलू दिला नाही. बायको म्हणते, माझ्या दुकानदारीतला तो सर्वांत मोठा पराक्रम आहे.

दिवाळीच्या आठ दिवस आधी तपासणी झाली. कैलास स्वतः आईला घेऊन गेला. डॉक्टरांनी दोन्ही पावलं उलटीपालटी करून पाहिली, बोटांच्या बेचक्या पाहिल्या, टाचा पाहिल्या. चीर नाही, फोड नाही, पाय कोरडे. असेच ठेवा म्हणाले. कैलासचा विश्वास बसेना. रोज वाडीत राबून पाय असे कोरडे कसे, असं त्याने तिला विचारलं. त्या म्हणाल्या, चाल, दाखवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कैलासला घेऊन निघाल्या आणि मलाही बोलावणं आलं. धुऱ्यावर सखूबाईंनी चप्पल काढली. कैलास सँडल घालून तसाच आत निघाला तर त्यांनी त्याचा दंड धरला. "जोडे काढ." त्याने मुकाट्याने काढले. त्यांनी मोटारीच्या खोलीतून बूट आणले, झटकले, हात फिरवला, घातले, आणि घोट्यावर ताणून पट्टे चढवले. कैलास ते पट्टे पाहत राहिला. मग खाली बसला आणि त्यांवरून बोट फिरवलं.

"हे तं माह्या दुकानचे पट्टे होत," तो म्हणाला.

"तुह्याच भरोशावर चालून राह्यली मी," सखूबाई म्हणाल्या. "तुले ठाव नव्हतं, एवढंच."

कैलासने माझ्याकडे एकदा पाहिलं. मी लिंबाच्या झाडाकडे पाहू लागलो. माझे डोळे भरून आले होते हे आता सांगायला हरकत नाही. ठेक्याचा विषय त्याने काढला नाही, तेव्हाही आणि त्यानंतरही. डावा पट्टा ताणून पाहत तो म्हणाला की हा सैल झाला, उद्या ट्रकच्या ट्यूबचा जाड कापून आणतो. मग त्याने बादली उचलली, आणि गमबूट घातलेल्या आईच्या मागे तो अनवाणी, पाहून पाहून पाऊल टाकत वाफ्यात शिरला.