तव्यावरच्या काचऱ्या

फोन आला तेव्हा बटाटे दुसऱ्या पाण्यात होते. सकाळचे पावणेदहा. रुग्णालयातून एका नर्स मुलीचा आवाज आला, "आंटीजी, आप आ जाइए." मी विचारलं, "डबा घेऊन येऊ का? अर्ध्या तासात होईल." ती म्हणाली, "डब्बा रहने दीजिए." मी गॅस बंद केला, पातेल्यावर झाकण ठेवलं, घराला कुलूप लावलं आणि जयपुरातल्या आमच्या खातीपुऱ्याच्या कोपऱ्यावर रिक्षासाठी उभी राहिले. सगळं रीतसर केलं. तुमचे आजोबा त्याआधीच गेले होते.

ईरा, नील, या गोष्टीला आता सात आठवडे झाले. तुम्ही दोघं कॅनडात, मराठी अडखळत वाचता, म्हणून सोपं लिहिते आहे. कुठे अडलं तर आईला विचारा. तेराव्या दिवशी ईरानं मला फोनवर विचारलं होतं, "आजी, आजोबांनी लास्टमध्ये काचऱ्या खाल्ल्या ना?" मी म्हणाले, "हो, खाल्ल्या." ते खरं नव्हतं. जन्मभर मुलांना शाळेत इंग्रजी शिकवलं, कॉपी करणाऱ्याला उभं केलं, आणि स्वतःच्या नातीशी खोटं बोलले. ते मागे घेण्यासाठी हे लिहिते आहे.

काचऱ्या हा आमच्या घरात पुरुषाचा पदार्थ. आजोबा लष्करात सिग्नलवर होते. लग्नाआधी एका छावणीत स्टोव्ह आणि खोलगट लोखंडी तवा एवढ्याच संसारावर त्यांनी दोन हिवाळे काढले, तिथे ते काचऱ्या करायला शिकले. माझं लग्न झालं तेव्हा मला चहा आणि पुस्तकातला केक एवढंच येत होतं. पहिल्या रविवारी मी बटाटे चिरून धुवायला घेतले, तर म्हणाले, "मास्तरीणबाई, बटाटा चिरायच्या आधी धुवायचा असतो. नंतर धुतलास की त्याच्यातला जीव जातो." मग तेल चांगलं तापवून बटाटे पसरले आणि हात पाठीमागे बांधून उभे राहिले. हलवायचं नाही. झाकण नाही. खालून सोनेरी झाल्यावरच एकदा पलटायचे, आणि त्यानंतर कांदा, कारण कांदा आधी घातला तर तो करपतो आणि बटाटा मऊ राहतो. मीठ सगळ्यात शेवटी. जयपूरला बदली झाली, निवृत्तीनंतर इथेच राहिलो, पण रविवार बदलला नाही. शेजारच्या भाभीजी खिडकीतून म्हणायच्या, "भाईसाहब रसोई में, भाभीजी अखबार में. वाह." हे आतून ओरडायचे, "भाभीजी, हेडलाइन ये पढ़ लें, प्याज मैं पढ़ लूँगा." तुम्ही सुट्टीत आलात की स्टुलावर उभं राहण्यावरून भांडायचात. नील सारखा विचारायचा, "आजोबा, अब पलट दूँ?" आणि ते म्हणायचे, "थांब. अजून सुटला नाही." तळाला लागलेली कुरकुरीत खरपुडी कुणाला, यावरून एकदा तुम्ही दोघं दिवसभर बोलला नव्हतात.

मग मूत्रपिंडं गेली... म्हणजे हळूहळू गेली, पण आम्हाला एका दिवशी कळलं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस आणि आहाराचा एक तक्ता. त्यात बंद करायच्या गोष्टींत बटाटा पहिल्याच ओळीत, लाल रेघेखाली, त्यातल्या पोटॅशियममुळे. मी तो तक्ता फ्रिजवर लावला. फार विनवल्यावर आहारतज्ज्ञ बाईंनी एक वाट काढून दिली. बटाटा पातळ चिरून दोन तास कोमट पाण्यात ठेवायचा, ते पाणी टाकायचं, पुन्हा भरपूर पाण्यात उकडायचा, तेही पाणी टाकायचं. उरेल त्यातल्या चार फोडी, बिनमिठाच्या. मी घड्याळ लावून करत असे. पहिल्यांदा वाढला तेव्हा त्यांनी एक फोड उचलून उजेडात धरली. "बटाटा रिटायर करून वाढलास होय," म्हणाले, आणि सगळा खाल्ला. चौदा महिने ते तसंच खात राहिले. एकदाही ताट सरकवलं नाही. मला वाटायचं, माझी शिस्त त्यांना जगवते आहे. काही दिवस तसं असेलही.

शेवटच्या वेळी त्यांना दाखल केलं, त्याच्या पाचव्या दिवशी तरुण डॉक्टरांनी मला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. खाली बघत म्हणाले, "आंटीजी, अब परहेज रहने दीजिए. जो मन करे, खिला दीजिए." मी त्यांना तक्त्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, "अब उसकी जरूरत नहीं है." घरी येऊन मी तुमच्या आईला फोनवर सांगितलं, हल्लीची मुलं निष्काळजी आहेत, पथ्यसुद्धा नीट सांगत नाहीत. तिला कळलं होतं. मला कळलं नाही असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते, पण तेही खोटं आहे. मलाही कळलं होतं. बटाटे पाण्यात भिजत होते तोवर ते पेशंट होते, आणि पेशंट बरा होऊ शकतो. तव्यावर तेल घातलं असतं, तर मीच त्यांना जाणारा माणूस ठरवलं असतं. ते माझ्याच्यानं झालं नाही.

ते गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. मी डब्यातली फोड चमच्याने पुढे केली, तर मान वळवली. चौदा महिन्यांत पहिल्यांदा.

"अहो, दोनच घास."

"उद्या तव्यावरच्या आण. कांदा घालून."

"डॉक्टरांना विचारते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर काय म्हणाले ते त्यांना माहीत होतं, मला तेव्हाच समजलं. तरी एवढंच म्हणाले, "बरं. विचार." आणि ती फोड माझ्यासाठी खाल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी बटाटे चिरले आणि पाण्यात टाकले.

तेराव्याला गुरुजींनी विचारलं, आजोबांच्या नावाच्या पानात त्यांच्या आवडीचं काही वाढायचंय का. मी सांगितलं. ते म्हणाले, बटाटा चालेल, या पानात कांदा चालत नाही. मी बिनकांद्याची भाजी वाढली. तेव्हाही मी नियमच पाळला.

ईरानं मध्यंतरी कृती मागितली. म्हणून गेल्या रविवारी मी तवा काढला. मोहरीचं तेल, बटाटे आधी धुतलेले, हात मागे, मग कांदा. वास अगदी तोच आला. पण तळ सुटेना. त्यांचं लोखंडी उलथनं हातात बसत नव्हतं, सारखं तिरकं होऊन वरून घसरत होतं. खिडकीपाशी नेऊन पाहिलं, तर त्याची उजवीकडची कड चांगली बोटभर झिजली होती. आजोबा डावखुरे. इतक्या वर्षांच्या रविवारांत ते उलथनं त्यांच्या डाव्या हाताचं होऊन गेलं होतं, आणि माझ्या हे कधी लक्षातच आलं नव्हतं, कारण तेव्हा मी बाहेर पेपर वाचत असायची. मी ते डाव्या हातात घेतलं. लगेच तव्याला टेकलं, आणि सबंध खरपुडी एका दमात सुटली, कुठेही न तुटता, जशी ते काढायचे तशी. ती उलथन्यावर धरून मी उभी राहिले. कुणाला द्यायची ते कळेना... हात अवघडला तेव्हा पुन्हा तव्यात ठेवली. ती तिथेच गार झाली.