दारावरचं साल

रविवारी सकाळी आमच्या फाटकासमोर तरुण मुलामुलींचा घोळका येऊन उभा राहतो. जुन्या डोंबिवलीची घरं दाखवणारी फेरी असते ती. पुढची मुलगी आमच्या दाराकडे बोट करून सांगते, "हे कॉलनीतलं सगळ्यात जुनं घर. वरती साल आहेच बघा." मग सगळे माना वर करून फोटो काढतात. मी ओटीवर पेपर तोंडासमोर धरून बसतो. कारण ते साल खोटं आहे, आणि ते मीच घातलेलं आहे.

आमची कॉलनी वसली तेव्हा आजूबाजूला भातखाचरं होती. गिरगावात एका खोलीत दाटीवाटीने राहणाऱ्या कारकून-मास्तर मंडळींनी सोसायटी काढून इथे प्लॉट घेतले. बहुतेक सगळे कोकणातले, त्यामुळे घरं बांधली तीही गावची आठवण ठेवून: उतरती कौलं, पुढे ओटी, मागे केळी, कुंपणाला जास्वंद. ठाकुर्लीच्या पॉवर हाऊसच्या भोंग्यावर घड्याळं लावायची आणि संध्याकाळी बायकांनी कंदील घेऊन स्टेशनच्या वाटेवर उभं राहायचं, अशी सगळी तऱ्हा.

पहिलं घर बांधलं ते आमच्या शेजारच्या काकांनी. रेल्वेत होते ते. विहीरही त्यांनीच खणली. दोन वर्षांनी आमचं घर उभं राहिलं, तेव्हा चुना-सिमेंट कालवायला पाणी त्यांच्याच विहिरीचं. काका मोठे बोलके. कॉलनीत नवा माणूस आला की त्याला फाटकाशी थांबवून म्हणायचे, "आम्ही आलो तेव्हा इथे नुसती भातशेती होती हो!" आणि मग साप, कोल्हे, चिखलात रुतलेली बैलगाडी. मला ते सगळं पाठ होतं. शेवटी माझ्याकडे वळून पुस्ती असायचीच, "हे काय, नंतरचे. आयत्या विहिरीवरचे."

मी तेव्हा कल्याणजवळच्या मोहन्याच्या कारखान्यात नुकता लागलो होतो आणि अंगात मस्ती होती. आमच्या घराच्या पुढच्या भिंतीला नवा गिलावा करायचा होता. गवंडी दारावर सिमेंटची उठावदार अक्षरं काढत होता. वडील गावाला गेलेले. घराचं नाव काढून झाल्यावर त्याने विचारलं, "साल काय टाकू, शेठ?" मला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी शेठ म्हटलं होतं. मी काकांच्या घराच्या आधीचं साल सांगून टाकलं. त्या साली आमच्या जागेवर खुंट्यासुद्धा ठोकलेल्या नव्हत्या.

वडील परत आले, चष्मा पुसून वर बघत राहिले आणि म्हणाले, "अरे, तेव्हा माझं लग्नसुद्धा झालं नव्हतं!" पण सिमेंट वाळलं होतं आणि गवंडी दुसऱ्या कामावर गेला होता. साल राहिलं.

काकांनी ते पाहिलं. हसून म्हणाले, "वा! तुमचं घर एका आठवड्यात आमच्याहून म्हातारं झालं की." मला फार मोठी लढाई जिंकल्यासारखं वाटलं. नंतर कधीतरी लक्षात आलं की काकांनी भातशेतीची गोष्ट सांगणं बंद केलं आहे. नवा माणूस आला की नुसतं "या, बसा" म्हणायचे.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण पुढे आपल्याकडे पाडव्याची शोभायात्रा सुरू झाली. कॉलनीची पालखी सगळ्यात जुन्या घरातून उचलायची, असं मंडळातल्या नव्या मंडळींनी ठरवलं. जुनी माणसं बरीचशी गेली होती. मंडळी आली, दारावरचं साल वाचलं, नारळ माझ्या हातात दिला आणि मी तो घेतला. त्या सकाळी काका स्वतःच्या फाटकात टोपी घालून उभे होते. पालखी समोरून गेली तेव्हा त्यांनी हात जोडले. पालखीला जोडले ते, पण मी मान खाली घातली. पुढे काका गेले, आणि नारळ दर पाडव्याला माझ्याकडेच येत राहिला.

यंदा कळलं की काकूंचं घर मे महिन्यात पाडणार, तिथे इमारत होणार. म्हणजे त्या ओटीवरून पालखी निघायची तर हाच पाडवा. मी मंडळाच्या अध्यक्ष मुलीकडे गेलो आणि सगळं सांगितलं.

"आजोबा, पत्रिका छापून झाल्यात," ती कपाळाला हात लावून म्हणाली. "आणि रील पण टाकलंय, तुमच्या दाराचं!"

"मग दुसरं टाक. त्यात मीच सांगतो."

"नक्की ना? लोक कमेंटमध्ये सोलतील तुम्हाला."

"सोलू देत. दारावरचं साल निघालं नाही, माझी साल तरी निघेल."

ती हसत सुटली आणि लगेच फोन लावायला लागली.

मग काकूंकडे गेलो. नव्वदीच्या आहेत, कान शाबूत. ओटीवर शेंगा सोलत बसल्या होत्या. मी चुकत-माकत सांगितलं. त्या शेंगा सोलतच राहिल्या.

"मला काय नवं सांगतोस? तुमच्या पायाचा दगड पडला तेव्हा चहा मीच दिलाय."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"ह्यांनी बोलू दिलं नाही. म्हणाले, पोराची हौस आहे, असू दे. वाईट वाटलं होतं रे त्यांना. पण आपल्यापेक्षा लहान माणसाशी कसलं भांडायचं?"

मी त्यांच्यातल्या चार शेंगा उचलून सोलायला लागलो. त्यांनीच विचारलं, "पालखी आली की त्या लेझीमवाल्या पोरींचा नाश्ता कोण करतं?"

"ज्या घरातून पालखी निघते, ते घर."

"म्हणजे इतकी वर्षं पातेलंभर शिरा तुझी बायको ढवळत होती, आणि मी आरामात चहा पीत होते. आता या वयात माझ्या गळ्यात घालतोस होय? पालखी माझ्याकडून निघेल. शिरा तुमच्याकडून येईल. आणि बेदाणे मोजून घालू नका, दरवर्षी कमी असतात."

घरी येऊन हे सांगितलं तर बायको म्हणाली, "खोटं तुम्ही बोललात आणि शिरा मी करू? उद्यापासून रवा भाजायला शिका."

शिकलो. पाडव्याला पहाटे मी रवा भाजला, बेदाणे मूठ भरभरून घातले आणि आम्ही दोघांनी पातेलं कुंपणातल्या वाटेने पलीकडे नेलं. काकूंच्या ओटीवर रांगोळी होती, गुढी उभी होती, काकांच्या फोटोला मोगऱ्याचा हार होता. माझ्या दारावरचं साल त्या दिवशी आंब्याच्या डहाळ्यांनी झाकलं होतं. सणानंतर गवंडी येऊन ते फोडणार आहे.

नारळ काकूंच्या हातात दिला. पालखी उचलायची वेळ झाली तरी लेझीमवाल्या पोरी ओटीवरून हलेनात. अध्यक्ष मुलगी घड्याळ दाखवत होती, ढोलवाला ताटकळला होता. काकूंनी एकीचा हात घट्ट धरून ठेवला होता.

"आम्ही आलो तेव्हा इथे नुसती भातशेती होती गं," त्या सांगत होत्या. मग साप, मग कोल्हे, मग रुतलेली बैलगाडी. शेवटी माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "आणि हे काय, नंतरचे. आयत्या विहिरीवरचे."

मी शिऱ्याचा डाव हातात घेऊन हो हो म्हणत मान डोलावली आणि पोरींना आणखी वाढला.