सुदामकाकांचं लिंबू

रोप न्यायला माणूस एकदा येतो, ते मरतंय म्हणून सांगायला दहादा! आंधळगावात इतकी वर्षं नर्सरी चालवतोय, शाळा अर्धीच झाली, पण किस्से पोतंभर जमले. यंदा मात्र सगळे सुदामकाकांच्या लिंबापाशीच जाऊन थांबतात.

ते रोप काकूंनी माझ्याकडून नेऊन अंगणात लावलं, अन् महिनाभरात काकू वारल्या. तेराव्यानंतर काका दुकानात आले. "बाकी काही मरो, हे जगलं पायजे गा," म्हणाले.

माघात पानं पिवळी पडली म्हणून मी बघायला गेलो. काकांनी लिंबाभोवती मातीची पाळ घालून चक्क धानाची बांधी केली होती, अन् आत घोट्याएवढं पाणी!

"काका, हे धान होय काय?"

"जलमभर धानच लावला. मले पानी देनं शिकवून राहिला काय?"

"धान पाण्यात उभा राह्यते. लिंबाच्या मुळाले हवा पायजे, ते गुदमरून राहिलं."

काका खट्टू झाले. "मी तं रोज विचारत होतो त्याले, आनखी पायजे काय म्हनून. कधी नाही म्हटलं नाही त्यानं!"

पाळ फोडली. दोन पानं हिरवी झाली.

चैत्रात काकांनी उन्हाच्या भीतीनं त्यावर काकूंचं लुगडं बांधलं. तेही दुहेरी! पाऊस पडायला लागला तरी सोडेनात. रोप आत पांढुरकं, लांबोडं झालेलं.

माझ्या दुकानच्या बाकावर बसणारे आमचे रिटायर गुरुजी वैतागले. "सुदाम, झाड उन्हातच जेवते. तू त्याचं ताट झाकून ठेवलं!"

"थंडं होऊ नये म्हनून झाकलं," काका म्हणाले. लुगडं सोडून घडी घातली अन् काखेत धरून घरी गेले.

आता गुरुजींचंही सांगतो, नाहीतर म्हणाल काकाच भोळे. ऊन, पाणी, हवा, माती, जागा... पोरांकडून हे घोकून घेण्यात गुरुजींची अख्खी नोकरी सरली. त्यांची स्वतःची तुळस दोन वर्षं वीतभरच! उपटून दुकानात आणली तर मुळाला माझ्याच नर्सरीची काळी पिशवी. मुळं आतल्या आत गोल गोल फिरलेली.

"गुरुजी, पिशवी काढाची राह्यते ना!"

"पुस्तकात नव्हतं," गुरुजी म्हणाले.

सगळे हसले. काकाही हसले. काकू गेल्यापासून मी पहिल्यांदा पाहिलं.

पण आषाढात लिंबाची पानं कडेनं जळाली. काकांनी बुडाशी मुठी मुठी युरिया ओतला होता.

ते दुकानात सांगायला आले तसा मी चिडलो. "इतकं कोण देते?"

"अशक्त झालं होतं. खाऊ घातलं."

"आजाऱ्याले पेज देतेत काका, पंगत नाही!"

काका हळूच म्हणाले, "तिले पेजच देत होतो गा."

मी वजनकाटा पुसायला लागलो. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

आठ दिवसांनी काकांनी मला बोलावून नेलं. एकही पान उरलं नव्हतं. मी नखानं शेंड्याची साल खरवडली. आत हिरवं निघालं की झाड जिवंत. तपकिरी निघालं.

"खाली पाह्य," काका म्हणाले.

खाली खरवडलं. तपकिरी.

"आनखी खाली."

मी मातीपर्यंत आलो. काकांनी माझा हात धरून बाजूला केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुकानात आले. गुरुजी सरकले, काका टेकले. मी कोरफडीची कुंडी आणून त्यांच्या मांडीवर ठेवली.

"ही न्या काका. पैसे नोको. हिले काही लागत नाही. पंधरा दिवस पानी इसरले तरी मरत नाही."

काकांनी कुंडी गोल फिरवून नीट पाहिली. मग उठून काउंटरवर परत ठेवली.

"मंग मी सकाळी उठू कायले?"