रिक्षाच्या पाठीवरची ओळ

शिवाजी पेठेतल्या त्या रिक्षा स्टॉपवर अकरा रिक्षा लागतात. त्यांतल्या दहांच्या पाठीवर काय लिहिलंय ते कुणी वाचत नाही. आईवडिलांचे आशीर्वाद, तालमीचं नाव, पोरांची नावं, सगळीकडे असतं तेच. अकरावी रिक्षा शामुवेल लोखंडेची. तिच्या पाठीवर एका वेळी एकच ओळ असते, आणि ती खरी झाली असं सगळ्या स्टॉपनं म्हटल्याशिवाय पुसली जात नाही. हा नियम केरबानं घातला. अडुसष्ट वर्षांच्या आयुष्यात आपल्या हातून झालेली ही एक शहाणपणाची गोष्ट, असं तो अजून मानतो.

केरबा स्टॉपवरचा सगळ्यांत जुना माणूस. शामू त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण दोघांची दोस्ती घट्ट. एकाच तालमीच्या फुटबॉल संघाचे समर्थक, हंगामात स्टेडियमच्या एकाच पायरीवर बसणारे. शामूच्या घरी ख्रिस्ती धर्म आजोबांपासूनचा. नाताळात स्टॉपवर केक यायचा, करंज्या यायच्या, आणि शामूचा धर्म तिथंच संपायचा. बाकीचे रविवार तो भाडी मारायचा. पेठेत त्याची ख्याती दोन गोष्टींसाठी होती. सुंदर रिक्षा स्पर्धेत त्याला एकदा दुसरा नंबर मिळाला होता, ही पहिली. ‘आलोच, पाच मिनिटांत’ हे त्याचं बोलणं, ही दुसरी. त्याची पाच मिनिटं चाळिसाच्या आत कधी संपली नाहीत.

तीन वर्षांपूर्वी त्याच्या मुलीचं, आदितीचं, चर्चमध्ये दृढीकरण व्हायचं होतं, म्हणजे स्वतःच्या तोंडानं विश्वासाची कबुली देण्याचा विधी. त्यासाठी पोर रोज संध्याकाळी पाठ करायला बसायची. एकदा तिनं सहज विचारलं, पप्पा, तुमचं दृढीकरण झालं तेव्हा तुम्ही काय शिकला होता? शामूला एक अक्षर आठवेना. त्याला ते फार लागलं. तो चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेला. हे पाळक तरुण होते, मोजकं बोलणारे. त्यांनी त्याला जाड पुस्तकं दिली नाहीत. प्रभूनं डोंगरावर बसून केलेला उपदेश रोज सकाळी थोडा वाचा, म्हणाले, त्यातली एकच गोष्ट उचला, आणि ती अंगात मुरेपर्यंत दुसरीला हात लावू नका.

शामूनं ते अगदी रिक्षावाल्यासारखं मनावर घेतलं. उचललेली गोष्ट आपल्या शब्दांत बांधली आणि गुंडू पेंटरकडून रिक्षाच्या पाठीवर लिहून घेतली: बोलतो तेच करतो.

स्टॉपवर हशा पिकला. केरबानं विचारलं, “हे कशाला रं लिवलंस? मनात ठेवायचं की.”

“मनात ठेवलं की मलाच सापडत न्हाय,” शामू म्हणाला. “हितं लिवलं की तुमी सोडणार न्हाय मला.”

मग सोडणार तरी कसे? शामू फोनवर ‘आलोच’ म्हणाला की दहाजण एका सुरात ओळ वाचून दाखवायचे. गिऱ्हाइकं मागून वाचायची आणि पुढं येऊन घड्याळ दाखवायची. सहा महिन्यांत शामू ‘वीस मिनिटं लागतील’ असं म्हणायला शिकला, आणि विसाव्या मिनिटाला दारात उभा राहायला. तेव्हा केरबानं नियम जाहीर केला, दहाजणांनी हात वर केले आणि गुंडूनं ओळ पुसली. पहाटे पाचला उठून वाचणं, बुधवारची प्रार्थनासभा, रविवारी भाडं बंद, हे सगळं तोवर शामूच्या अंगवळणी पडलं होतं.

दुसरी ओळ गुप्त दानाची होती, ‘दिलेलं सांगत नाही’. ती दोनच दिवस टिकली. केरबानं दाखवून दिलं की लेका, रिक्षावर लिहून तू गावभर सांगतच फिरतोयस. शामू इतका खजील झाला की त्यानं ती हात वर व्हायची वाट न बघता त्याच दिवशी पुसून घेतली. पुढं चार महिने पाठ कोरी राहिली. गडी थकला, असं सगळ्यांना वाटलं. मग एकदा धोंडुबाई भाजीवाली केरबाच्या रिक्षात बसली आणि बोलता बोलता म्हणाली की शामू गावाला गेलाय म्हणून आज तुझी रिक्षा केली. नाहीतर आठवड्यातून दोनदा डायलिसिसला तोच नेतो, पैशाचं नाव काढू देत नाही, आणि कुणाला बोलायचं नाही अशी शपथ घातलीय. केरबा त्या दिवशी भर बाजारात रिक्षा उभी करून डोळे पुसत बसला होता. ही गोष्ट मात्र त्यानं शामूला कधी कळू दिली नाही.

तिसरी ओळ आदितीनं काढली. तिचे सगळे धडे पाठ होते. पप्पा, तुम्ही मधलं एक सोडून पुढं गेलात, असं तिनं जेवताना दाखवून दिलं. देवापुढं आपलं दान घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर दान तिथंच ठेव, आधी भावाकडे जा, असा तो भाग होता. शामूचा घास हातातच राहिला.

त्याचा थोरला भाऊ दानिएल हातकणंगल्यात राहतो. रेल्वेतून निवृत्त झालेला, शांत, हट्टी माणूस. सहा वर्षांपूर्वी त्यांची आई त्याच्या घरी अखेरच्या आजारात होती. एका दुपारी त्यानं शामूला फोन केला, आईचं काही खरं नाही, लगेच ये. निघालोच, म्हणाला शामू, शिरोली नाक्यावर गर्दीत अडकलोय. पोहोचला तो दिवस मावळताना. आई दुपारीच गेली होती. मातीच्या वेळी दानिएलनं सगळ्यांदेखत विचारलं, “संपली काय रं तुझी पाच मिनिटं?” शामूनं त्याची कॉलर धरली. त्यानंतर दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

शामू नाक्यावर अडकला नव्हता. तो स्टेडियमात बसला होता. हे जगात दोघांनाच माहीत होतं. शामूला आणि शेजारी बसलेल्या केरबाला. पेनल्टी होती. उठू बघणाऱ्या शामूची बाही धरून ‘बस रं, एवढी बघून जा’ असं म्हणणारा केरबाच होता.

रिक्षावर आता लिहिलं गेलं: आधी भाऊ, मग देवाचं दार. ही ओळ चौदा महिने हलली नाही. शामू दोनदा हातकणंगल्याला जाऊन आला. दोन्ही वेळा दानिएलनं दारातच म्हटलं, “या पावणं, पाणी घ्या.” सख्ख्या भावाला पावणं! शामू म्हणायचा, दादा, त्या दिवशी गर्दीच तशी होती, माझं चुकलं. दानिएल म्हणायचा, झालं ते झालं, चहा घ्या. आणि उसाच्या तोडणीविषयी बोलत बसायचा.

या एप्रिलमध्ये सुंदर रिक्षा स्पर्धेची तयारी सुरू झाली. ऊन-पावसानं शामूच्या ओळीचे पोपडे निघाले होते. सगळा स्टॉप मागं लागला की ती पूस, नवा रंग मार, यंदा पहिला नंबर तुझाच. शामू म्हणाला, ओळ झालेली नाही, रिक्षा स्पर्धेत जाणार नाही. केरबा त्याला समजवायला घरी गेला, तर शामू भाड्यावर होता आणि दारात भेटली त्याची बायको, वर्षाराणी.

“स्पर्धेचं काय घेऊन बसलाय भाऊजी,” ती म्हणाली. “चर्चमध्ये दर महिन्याला प्रभुभोजन असतं. भाकर आणि द्राक्षरस, सगळी पुढं जाऊन घेत्यात. ह्यांनी चौदा महिने घेतलं न्हाई. बाकावर बसून राहत्यात. आदी भावाकडं, म्हणत्यात. पोरगी पुढं जाती आन वळून बापाकडं बघती.”

केरबाला त्यातलं धर्माचं फारसं कळलं नाही. पण भरल्या पंगतीत एक माणूस चौदा वेळा उपाशी बसतो, एवढं त्याला कळलं, आणि त्याची बाही कुणी धरली होती तेही आठवलं. दुसऱ्या दिवशी तो शामूच्या रिक्षात मागं बसला आणि म्हणाला, “हातकणंगले. पंच म्हणून येतोय.”

सांगली फाट्यावर त्यानं रिक्षा बाजूला घ्यायला लावली. “शामू, गर्दी न्हवती रं त्या दिवशी. तू न्हाय सांगितलंस तर आज मी सांगणार.”

शामूनं रिक्षा बंद केली. तुझं नाव यायला नको म्हणून गप्प राहिलो, असं म्हणाला. मग स्वतःच मान हलवून म्हणाला, “न्हाय, ते बी खरं न्हाय. तुझ्या नावाआड मीच लपलोय.”

दानिएल अंगणात शेंगा निवडत होता. “या पावणं,” त्यानं सुरुवात केली. शामू बाजेवर बसला नाही. पाणीही घेतलं नाही.

“दादा, मी नाक्यावर न्हवतो. स्टेडियमात हुतो. तुझा फोन आला आन मी मॅच बघत बसलो. सहा वर्सं तुला खोटं सांगतोय.”

“मीच धरून ठेवलं हुतं त्याला,” केरबा मागून म्हणाला.

दानिएलनं हातातली शेंग फोडली, दाणे बाजूला ठेवले. “मला म्हाईत हाय,” तो म्हणाला. “फोनात शिट्ट्या वाजत हुत्या. तू कवा सांगतोस त्याची वाट बघत हुतो.”

मग त्यानं आजवर कुणाला न सांगितलेलं सांगितलं. आईनं शामूची वाट पाहिली नव्हती. ती झोपेतच गेली, तिला काही कळलं नाही. “वाट मी बघत हुतो. घरात एकटा हुतो मी. मला तू पायजे हुतास.”

शामू खाली बसला आणि भावाच्या गुडघ्यावर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. केरबा उगाच गोठ्याकडे जाऊन म्हशीची विचारपूस करू लागला. थोड्या वेळानं मागून दानिएलची हाक आली, “शाम्या, त्या तुझ्या दोस्ताला बोलाव. पिठलं-भाकरी टाकल्याय.”

परत आल्यावर स्टॉपवर हात वर करायची गरज पडली नाही. केरबानं नुसती मान डोलावली आणि गुंडूनं चिंध्या काढल्या. स्पर्धेची नावनोंदणी मात्र तोवर बंद झाली होती. शामूला त्याची आठवणही नव्हती.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी केरबा धुतलेली टोपी घालून चर्चपाशी गेला. शामूच्या कोऱ्या पाठीच्या रिक्षामागं त्यानं आपली रिक्षा लावली आणि दाराशी उभा राहिला. दानिएल पहिल्या एसटीनं आला होता. आत गाणं संपलं, माणसं उठू लागली. पांढऱ्या ओढणीतली आदिती पुढं गेली, तिच्यामागं वर्षाराणी, तिच्यामागं दोघे भाऊ, थोरला पुढं, धाकटा मागं. आदितीनं वळून पाहिलं, आणि या वेळी तिला बाकाकडे बघावं लागलं नाही.

तेवढ्यात पिशव्या घेतलेला एक माणूस केरबाच्या रिक्षात बसायला आला आणि स्टँडला येणार का म्हणून विचारू लागला.

“दुसरी बघा पावणं,” केरबा दारातून नजर न काढता म्हणाला. “आज भाडं न्हाय. आत आमचा माणूस जेवाय बसलाय.”