जाळीपलीकडची तांबडी

एका कोंबडीपायी मला रोज सकाळी मागचं दार उघडायची भीती वाटत होती, हे सदाशिव पेठेतल्या माझ्या माहेरी सांगितलं असतं तर जेवणाच्या पंगतीला विषय झाला असता. आमच्याकडे अंडंसुद्धा वर्तमानपत्रात गुंडाळून, जिन्यात कुणी नाही ना हे बघून वर यायचं. लग्न करून धायरीला आले ती थेट कोंबड्यांच्या राज्यात. सासरची शेतं गेली, त्यांवर इमारती उभ्या राहिल्या, पण सासूबाईंनी घरामागचं परस आणि तिथलं खुराडं सोडलं नाही. पुढे त्यांचे गुडघे वाकेनात, तेव्हा ते खुराडं माझ्याकडे आलं. मागून घेतलं नव्हतं, आलं.

पावसाळा सरता सरता तांबडी लंगडायला लागली. माझ्या ते लक्षात आलं नाही, कोंबड्यांच्या आलं. दाणे टाकले की एरवी तांबडी सगळ्यांच्या पुढे. आता तिला कुणी वाट देईना. येता-जाता एखादी तिच्या डोक्यात चोच मारून जाई, रिक्षावाल्यानं उगाच हॉर्न वाजवावा तशी. भांडण नाही, आरडाओरडा नाही. त्या शांतपणाचंच मला भय वाटलं.

सासूबाईंनी आधी तिची मान बघितली. मानमोडीचा रोग असता तर एकामागून एक करत सगळं खुराडं रिकामं झालं असतं. त्यांनी ते एकदा पाहिलंय, आणि त्याबद्दल त्या बोलत नाहीत. मान सरळ होती. तळव्याला मात्र सुपारीएवढी गाठ होती. आजाऱ्याला शांतता हवी, एवढं शहाणपण माझ्याकडे होतं, म्हणून मी तिला न्हाणीघरात पोत्यावर ठेवलं आणि दार ओढून घेतलं. तिनं खाणं सोडलं. बाहेर बाकीच्यांचा आवाज आला की उठायची, दारापर्यंत लंगडत जायची आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसायची.

शेवटी तिला पिशवीत घालून डॉक्टरांकडे नेलं. कुत्र्यामांजरांचे डॉक्टर. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग पिशवीकडे. लोक हिला दुसऱ्या दुकानात नेतात, म्हणाले. पण गळू नीट कापलं, पट्टी बांधली, औषध दिलं. लागण होणारं दुखणं नव्हतं. निघताना ते म्हणाले, "कोंडून ठेवलीत तर पाय बरा होईल, पण बाकीच्या तिला विसरतील. मग ती परकी. परकीला त्या ठेवून घेत नाहीत."

ठेवून घेत नाहीत म्हणजे काय करतात, असं मी विचारलं. त्यांनी पुढच्या कुत्र्याला आत बोलावलं.

मग नवऱ्यानं खुराड्यातच एका कोपऱ्याला तारेची जाळी लावून दिली. तांबडी अलीकडे, बाकीच्या पलीकडे. पहिल्याच दिवशी सगळ्या जाळीशी गोळा झाल्या. मला बरं वाटलं. आजाऱ्याला भेटायला आल्यात, असं मी सासूबाईंना कौतुकानं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भेटाया न्हाई आल्या. हिची जागा रिकामी झाली का, त्ये बघत्यात."

त्यानंतर मला ते भेटणं दिसेना. काळी, जिनं आता दाण्यावर पहिला नंबर पटकावला होता, ती जाळीला एक डोळा लावून तासन्‌तास उभी असायची. मी मिठाच्या कोमट पाण्यात तांबडीचा पाय धुवायचे, ती माझ्या मांडीवर डोळे मिटायची, आणि काळी बघत असायची. माझा तांबडीवर जीव जडला होता. ही बरी होऊ नये, असं कधी कधी मनात यायचं. निदान जाळी तरी राहिली असती.

पण जखम सुकली. सासूबाईंनी दृष्ट लागू नये म्हणून तिच्या पायात काळा दोरा बांधला. मला त्यात वावगं वाटलं नाही, उलट गोड वाटलं. जाळी सरकवली. दोऱ्याचं टोक लोंबत होतं. काळीनं ते एकदा टोचलं, दोनदा टोचलं, तिसऱ्यांदा चोच पायाला लागली आणि रक्ताचा थेंब दिसला. मग साऱ्याच धावल्या. मी मध्ये पडून तिला ओढून काढली तेव्हा माझे हातही सोलवटले होते. सासूबाईंनी कात्रीनं तो दोरा स्वतः कापला. "नजर लागू नये म्हणून बांधला, न्‌ मीच तिला दावून दिली," एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

तांबडी पुन्हा जाळीआड गेली. आता भेटायला कुणी येत नव्हतं. फक्त कबरी, सगळ्यांत लहान आणि भित्री, दुपारी जाळीला अंग टेकून बसायची. अलीकडून तांबडीही तिला टेकायची. तेवढाच मला धीर होता.

दुसऱ्या खेपेला मी दिवस मावळायची वाट बघितली. अंधार पडला की कोंबड्या भांडत नाहीत. सगळ्या दांडीवर बसल्या तेव्हा जाळी काढली आणि तांबडीला कबरीशेजारी बसवलं. सकाळी कडीवर हात ठेवून मी कान देऊन उभी राहिले. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. दार उघडलं, तर सगळ्या नेहमीसारख्या उतरून बाहेर आल्या. तांबडीही आली, दोन्ही पायांवर.

मी दाणे टाकले आणि हातात काठी धरली. काळी चालत तांबडीपुढे येऊन थांबली. बाकीच्यांनी माना वर केल्या. तांबडी क्षणभर तशीच उभी राहिली, मग वळली आणि शेजारी दाणे टिपणाऱ्या कबरीच्या डोक्यात तिनं चोच मारली. पुन्हा मारली. पीस उपटून आलं. कबरी भिंतीकडे पळाली, तशी काळीनं मान खाली घातली आणि दाणे टिपायला लागली. बाकीच्याही लागल्या. तांबडी त्यांच्यामध्ये होती.

काठी कुणावर उगारायची, मला कळेना. एवढा राग मला काळीचाही कधी आला नव्हता. तांबडी सवयीनं माझ्याकडे आली आणि मुठीतले दाणे शोधायला लागली. मी मूठ उघडली नाही.

"घेतलं का गं तिला?" सासूबाईंनी पायरीवरून विचारलं.

"घेतलं," मी म्हणाले, आणि कबरीला उचलायला गेले.