कन्यादानाला कोण बसलं नाही

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. लिहायला बसलो की दुसरंच काही लिहायचो, आणि त्याचे मला पैसेही मिळायचे. शाळेतून निवृत्त झाल्यावर नाशिकमध्ये चित्रित होणाऱ्या एका मालिकेचे संवाद मी लिहीत असे. तिच्यात घटस्फोट झालेलं एक जोडपं होतं. आवाज चढवून ती दोघं कधीच भांडत नसत. मुलीच्या वाढदिवसाचा केक कोणी आणायचा, शाळेच्या फॉर्मवर आधी सही कोणाची, एवढ्यावरून एकमेकांना खाली बघायला लावत. मला हे शोधावं लागलं नाही. माझाही घटस्फोट झालेला होता आणि बायकोची वाक्यं कानात होती.

एकदा तिचा फोन आला. "माझं ते पोळ्यांचं वाक्य छान बसवलंत. पण ती बाई रडत का म्हणते? मी तर हसत म्हटलं होतं."

"चॅनेलला रडणं लागतं."

"मग रडायला तुमची वाक्यं वापरा ना."

खरी गोष्ट मालिकेच्या आधीची आहे. आमच्या मुलीचं लग्न नाशिकातच, द्वारका चौकाच्या पुढे एका लॉन्समध्ये होतं. कन्यादानाला आम्ही दोघांनी शेजारी बसावं, एवढं एकच तिने मागितलं होतं. आम्ही हो म्हटलं होतं. मी पोहोचलो तेव्हा बायको दारात पाहुण्यांचं स्वागत करत उभी होती. माझ्या सख्ख्या मामेभावानेसुद्धा आधी तिला नमस्कार केला आणि मग मला विचारलं, "तू आत्ता येतोयस होय?" एवढंच झालं. पण हिने मला माझ्याच मुलीच्या लग्नात पाहुणा केलं, हे मनातून जाईना.

गुरुजींनी विचारलं, "कन्यादानाला कोण बसतंय?" बायको पदर सावरून पाटाकडे येतच होती. मी म्हणालो, "माझे भाऊ-वहिनी बसतील." लेकीने माझ्याकडे वळून पाहिलं. तिच्या कानाशी वाकून मी सांगितलं, "तुझी आई नाही म्हणते."

बायको तीन पावलांवर होती. तिने ऐकलं. माझ्याकडे पाहिलं, लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मागे खुर्च्यांत जाऊन बसली. मांडवात तमाशा नको म्हणून ती गप्प राहील, हे मला माहीत होतं. त्याच भरवशावर मी बोललो होतो.

पुढे मालिकेत लग्नाचा ट्रॅक आला. मी पाटावरून उठून जाणारी आई लिहिली. तिच्या तोंडी मोठं भाषणही घातलं. भाग गाजला. नातेवाईक म्हणू लागले, हा घरचंच लिहितो, म्हणजे असंच झालं असणार. लेकीचं आईकडे जाणं आधीच कमी झालं होतं. ते आता दिवाळीपुरतं उरलं.

महिनाभराने मी इंदिरानगरला बायकोच्या फ्लॅटवर गेलो, माफी मागायचं ठरवूनच. शेजारच्या एक बाई येऊन बसल्या होत्या. मी कोण ते कळल्यावर म्हणाल्या, "अगंबाई, तुम्हीच लिहिता होय ते? त्या बयेला एवढा कसला हो माज? पोटच्या पोरीच्या लग्नात!"

बायको चहा ओतत म्हणाली, "लिहिणाऱ्यालाच विचारा."

मी म्हणालो, "टीआरपी हो, दुसरं काय!" शेजारीण खूप हसली.

ती गेल्यावर मी घसा खाकरला. बायको म्हणाली, "मला काही सांगू नका. मला माहीत आहे. लेकीला सांगा. बोलवत नसेल तर चिठ्ठी लिहा. तुम्हाला काय, लिहायची सवय आहे."

मी मान डोलावली. त्यानंतर दोन वर्षं रोज चार-पाच प्रसंग लिहिले, ती चिठ्ठी लिहिली नाही. मग बायको गेली. दहाव्याला गोदाकाठी लेक माझ्या शेजारी उभी होती. म्हणाली, "बाबा, आईने तेवढं एकदा बसायला हवं होतं हो."

मालिका कधीच संपली. आता अमुक वाक्य चुकलं म्हणून कोणाचा फोन येत नाही. लेकीचा रविवारी येतो. तब्येत विचारते, गोळ्या घेतल्या का विचारते, आणि ठेवते.

बेटा, तुझी आई बसायला आली होती. 'नाही' म्हणणारा मी होतो. आणि तुझ्या आईला तिच्याच घरात, समोर चहा ठेवलेला असताना, म्हणायला हवं होतं ते एवढंच होतं: माझं चुकलं, मला माफ कर.