वॉल्टरने कोरी सोडलेली ओळ

वॉल्टर गेल्याचं मला त्याच्या मुलीने, डेनीसने, फोनवर सांगितलं. मी अमेरिकेतल्या ट्रॉय गावी इंडियन ग्रोसरीत कोथिंबिरीची जुडी निवडत उभा होतो. "मिस्टर साठे, डॅडने तुमच्या नावाचं एक पाकीट ठेवलंय. येऊन न्याल का?" जुडी तिथेच ठेवून मी बाहेर आलो... पाकिटात मला दोष देणारं पत्र असणार, असं मी धरून चाललो होतो.

डेट्रॉइटजवळ मोटारीच्या सुट्या भागांचे साचे करणाऱ्या एका कारखान्यात आम्ही दोघे नोकरीला होतो. मी पुण्याहून इंजिनियर होऊन आलो, तेव्हा वॉल्टरला तिथे अकरा वर्षं झाली होती. ड्रॉइंग ऑफिसातला तो एकटाच काळा माणूस. मला काम शिकवायला त्यालाच सांगितलं होतं. ड्रॉइंग तपासायची त्याची पद्धत ठरलेली. बरोबर मापावर पिवळी पेन्सिल फिरवायची, चुकलेल्या मापाभोवती लाल गोल काढायचा आणि शंका असेल ते कोरं सोडायचं. "कोरं दिसलं की चूक धरू नकोस," तो सांगायचा. "ज्याने काढलंय त्याला जाऊन विचार." सुरुवातीला माझी ड्रॉइंगं लालभडक होऊन परत यायची. "साठे, तुमच्या पुण्यात इंच लहान असतो का रे?" तो अगदी गंभीर चेहऱ्याने विचारायचा.

आपल्याकडे नवी ओळख झाली की गाव, मुलंबाळं आणि मग पगार विचारतात. यातलं शेवटचं इथे विचारत नाहीत, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. एका मंगळवारी कॅन्टीनमध्ये मी माझ्या बायकोने, सुमनने, दिलेला मेथीचा पराठा अर्धा त्याच्यापुढे ठेवला आणि सरळ विचारलं, "तुला पगार किती?" त्याचा घास तोंडातच थांबला. मग त्याने आकडा सांगितला. "आता तुझा सांग." माझा त्याच्यापेक्षा बराच जास्त होता. मला नोकरीला लागून सहा महिने झाले होते आणि शिकवत होता तो. त्याने पराठा संपवला, हात पुसले. "पराठा चांगला आहे," म्हणाला आणि उठला.

पुढे त्याने गोऱ्या सहकाऱ्यांचेही पगार विचारून घेतले आणि वर्षभरात कंपनीवर दावा लावला. आपण काळे म्हणून आपल्याला कमी पगार मिळतो, असं त्याचं म्हणणं होतं. कंपनीने मलाच पुढे केलं. त्यांचं म्हणणं, हा साठेही गोरा नाही, तरी त्याला जास्त देतो. वॉल्टर फक्त रेघा ओढतो, तपासणीचं काम त्याचं नाही. वॉल्टरच्या वकिलाला माझ्याकडून एकच उत्तर हवं होतं, की माझी ड्रॉइंगं वॉल्टर तपासतो.

माझं ग्रीन कार्ड कंपनीमार्फत व्हायचं होतं. साक्षीच्या आदल्या दिवशी सुमन म्हणाली, "अहो, खोटं कुठे बोलायचंय? आठवत नाही म्हणा. कार्ड हातात येऊ दे, मग काय ते बोला." तिने सुचवलं, पण बोललो मी. वकिलाने विचारलं, "तुमची ड्रॉइंगं कोण तपासत असे?" मी म्हणालो, "आठवत नाही."

त्या दिवशी सकाळीसुद्धा वॉल्टरने तपासलेलं एक ड्रॉइंग माझ्या टेबलावर पडलेलं होतं.

दावा तो हरला. नोकरी मात्र सोडली नाही. घरात तीन मुलं होती. काही आठवड्यांनी तो काही कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आला. "साठे, एक विचारायचं होतं." मी घड्याळ पाहिलं. "आज मीटिंग आहे रे." "बरं," म्हणाला आणि गेला. मीटिंग नव्हती. त्यानंतर त्याने कधीच विचारलं नाही. माझी ड्रॉइंगं मात्र पूर्वीसारखीच तपासून द्यायचा. कार्ड आलं, तरी मी गप्पच राहिलो. पुढे मी त्या खात्याचा प्रमुख झालो, त्याचा पगार थोडा वाढवला आणि वाढवला ना, असं स्वतःला बजावत राहिलो. गोऱ्यांच्या बरोबरीला तो निवृत्त होईपर्यंत आला नाही. हे सगळं मला माहीत होतं, कारण दरवर्षी पगारवाढीच्या कागदांवर सही माझीच असे.

डेनीसने स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाकीट ठेवलं. आत पत्र नव्हतं. माझ्या साक्षीची प्रत होती, ड्रॉइंगसारखी तपासलेली. माझ्या नावावर पिवळं, नोकरीच्या तारखेवर पिवळं, पगाराच्या आकड्यावर पिवळं. मी सगळी पानं उलटून लाल कुठे आहे ते शोधलं. कुठेच नव्हतं. एक ओळ तेवढी कोरी होती... "आठवत नाही."

मी मीटिंगची सबब सांगितली त्या दिवशी तो माझ्याकडे हेच कागद घेऊन आला होता.

"ही एकच ओळ डॅडने का सोडली?" डेनीसने विचारलं. मी तिला कॅन्टीनपासून मीटिंगपर्यंत सगळं सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "आम्हाला वाटायचं, डॅडकडे पुरावाच नव्हता." मग उठून तिने ड्रॉवरमधला पेन्सिलींचा डबा माझ्यापुढे ठेवला.

मी लाल पेन्सिल घेतली, त्या ओळीभोवती गोल काढला आणि बाजूला लिहिलं, "वॉल्टर तपासत असे. माझं प्रत्येक ड्रॉइंग." खाली सही केली. ती प्रत आता डेनीसकडे असते. दुरुस्त केलेलं ड्रॉइंग पुन्हा तपासणाऱ्याकडे जायचं आणि तो लालवर पिवळी फिरवायचा, अशी आमच्या ऑफिसची रीत होती. माझी दुरुस्ती अजून लालच आहे.